खात्यातून गेलेल्या पैशाचा माग कसा काढतात?



गटाच्या बैठकीत फसवणुकीचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वळणावर जातं. "ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका," असं कुणीतरी म्हणतं, सगळ्याजणी माना डोलावतात आणि पुढचा विषय सुरू होतो. ते सांगणं बरोबरच आहे. पण आज आम्हाला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. खात्यातून पैसे गेले, तर ते जातात कुठे? त्यांच्या मागावर कोण असतं? आणि देशात अमुक इतके कोटी बुडाले असं बातम्यांत सांगतात, त्यात आपल्या गावातल्या बाईचे पाच हजार धरलेले असतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आपल्या गटात जशी हजेरी वही वेगळी, रोख वही वेगळी, कर्ज वही वेगळी, तशा देशातही फसवणूक मोजणाऱ्या वह्या वेगवेगळ्या आहेत. एकीत दिसतं ते दुसरीत दिसेलच असं नाही.

एक वही रिझर्व्ह बँकेची. तिच्या वार्षिक अहवालात बँकांमधल्या फसवणुकीचा तक्ता असतो. २०२३-२४ साली त्यात ३६,०६० प्रकरणं होती, २०२४-२५ साली २३,९५३. वाचणाऱ्याला वाटेल, बरं झालं, चोऱ्या कमी झाल्या! पण या तक्त्यात १ लाख रुपये किंवा त्याहून मोठीच प्रकरणं धरतात. निराधार योजनेचे दीड हजार, शेळी विकून आलेले आठ हजार, मुलीच्या फीसाठी ठेवलेले वीस हजार गेले, तर ते या तक्त्यात येतच नाहीत.

दुसरी वही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची. २०२३ सालच्या तिच्या अहवालात सायबर गुन्हे ८६,४२०, आणि त्यातल्या शंभरातल्या जवळजवळ ६९ गुन्ह्यांमागे हेतू फसवणुकीचा. इथे नोंद व्हायची तर पोलिसांत रीतसर गुन्हा, म्हणजे एफआयआर, दाखल व्हावा लागतो.

तिसरी वही १९३० या फोन नंबरची आणि त्याच्या जोडीच्या सरकारी संकेतस्थळाची. केंद्रीय गृहखात्याचं भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र ती चालवतं. त्याच २०२३ सालात तिथे आलेल्या तक्रारी १५ लाखांच्या वर. कुठे ८६ हजार आणि कुठे १५ लाख! रकमेचा आकडा तर छातीत धडकी भरवणारा आहे. २०२३ मध्ये लोकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. आपले पाच हजार जर कुठे धरले जात असतील तर ते याच वहीत, आणि तेही आपण फोन केला तरच.

ज्यांनी कुणालाच सांगितलं नाही त्या बायकांची वही मात्र कुठेच नाही. आणि त्या थोड्या नसाव्यात. फोन नवऱ्याच्या नावावर असतो, मेसेज पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर जातो, आणि घरात सांगावं तर आधी बोलणी बसतात, "तुला कुणी सांगितलं होतं अंगठा द्यायला?" मग बाई गप्प बसते. तिची ही चुप्पी चोराच्या किती कामाला येते ते कळायला १९३० चं काम आतून कसं चालतं ते पाहू या.

समजा, एका ताईच्या खात्यातून सकाळी अकरा वाजता ४०,००० रुपये गेले. चोर ते एका खात्यात ठेवून बसत नाही. पाच-दहा मिनिटांत त्याचे तुकडे होतात. १५ हजार एका खात्यात, २० हजार दुसऱ्या बँकेत, ५ हजार तिसरीकडे. तिथून पुन्हा पुढे. शेवटी कुठल्यातरी लांबच्या शहरात कुणीतरी एटीएममधून नोटा काढतो, आणि नोटा हातात पडल्या की माग संपला. नोटेवर कुणाचं नाव नसतं.

ताईने साडेअकराला १९३० ला फोन लावला, तर पलीकडचा माणूस तिचा खाते क्रमांक, किती वाजता किती रक्कम गेली आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतो. हा व्यवहार क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये किंवा फोनपे, गुगल पेच्या त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. माहिती यंत्रात भरली की ती थेट ताईच्या बँकेकडे जाते. बँक पाहते, पैसे कुठे गेले? पहिल्या खात्यात शिल्लक असतील तर तिथेच अडवतात. पुढे गेले असतील तर तीच तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते, तिथून त्याच्या पुढच्या. पाण्याच्या पाटाला जिथे गाठता येईल तिथे माती टाकून बांध घालावा, तसं हे काम. बांध घालेपर्यंत जेवढं वाहून गेलं ते गेलं, मागे राहिलं ते वाचलं. अडवलेली रक्कम लगेच हातात पडत नाही, पुढे कायदेशीर प्रक्रिया असते, वेळ जातो. पण चोराच्या हातातून ती सुटलेली असते.

ही यंत्रणा २०२१ साली सुरू झाली. तेव्हापासून जुलै २०२५ पर्यंत ५,४८९ कोटींहून जास्त रुपये वाचवले, असं सरकारने संसदेत सांगितलं. आमच्या मते हा आकडा कमीच आहे. एकट्या २०२४ मध्ये २२ हजार कोटी गेले, त्यापुढे चार वर्षांत वाचलेले साडेपाच हजार म्हणजे काय? पण सगळा दोष यंत्रणेला देऊन चालणार नाही. तिसऱ्या दिवशी आलेल्या तक्रारीला अडवायला पैसेच उरलेले नसतात. म्हणून आधी फोन १९३० ला, मग बँकेला, आणि घरच्यांची बोलणी संध्याकाळी. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरता येते. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा शेजारी. तक्रार झाली की पोच क्रमांक येतो. तो जपून ठेवायचा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.

मघाशी आपण म्हटलं की पैशाचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांत जातात. ही खाती कुणाची असतात? चोर स्वतःच्या नावाचं खातं वापरत नाही, त्याला दुसऱ्याचं लागतं. तो कुणाला तरी गाठतो. "ताई, तुमचं जनधनचं खातं असंच पडून आहे ना? पासबुक, एटीएम कार्ड आणि एक सिम द्या, महिन्याला दोन हजार देतो. कंपनीचे पैसे फिरवायचे आहेत." कधी हा ओळखीतलाच पोरगा असतो, त्यालाही पुढच्या कुणीतरी कमिशन लावलेलं असतं. बाईला वाटतं, खात्यात आपले शंभर रुपयेसुद्धा नाहीत, जाणार काय? जातं ते नाव. लातूरच्या कुणा शिक्षकाचे, केरळच्या कुणा निवृत्त माणसाचे पैसे तिच्या खात्यातून गेलेले असतात, आणि पोलिस माग काढत येतात ते खात्यावर ज्याचं नाव त्याच्या दारात. चोराला मूळ भीती त्याचीच होती, म्हणून तर त्याने खातं भाड्याने घेतलं.

अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने 'म्यूलहंटर' नावाची संगणक यंत्रणा तयार केली, डिसेंबर २०२४ मध्ये ती जाहीर झाली. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं. यंत्रणा खात्याची चाल पाहते. वर्षभर ज्या खात्यात फक्त अनुदान यायचं आणि निघायचं, तिथे एका दुपारी चार राज्यांतून पैसे आले आणि अर्ध्या तासात निघून गेले, तर तिला संशय येतो. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये समन्वय केंद्राने संशयितांची एक नोंदवहीच बँकांसाठी खुली केली. त्यातली माहिती येते कुठून? लोकांनी केलेल्या तक्रारींतून. एका बाईने फोन केला म्हणून एक खातं त्या वहीत चढतं आणि दुसऱ्या बाईचे पैसे तिथे जाण्याआधी बँक सावध होते.

याची एक वाईट बाजूही आहे. चोरीच्या पैशातून कुणी भाजीवालीला क्यूआर कोडवर दोनशे रुपये दिले, तर पैशाचा माग तिच्याही खात्यापर्यंत येतो आणि कधीकधी तिचं अख्खं खातं गोठतं. अशा वेळी घाबरून एजंटाला पैसे चारू नका. कुठल्या पोलिस ठाण्याच्या, कुठल्या क्रमांकाच्या तक्रारीवरून खातं अडवलं ते बँकेकडून लेखी मागा, आणि वादातली तेवढीच रक्कम अडवून बाकी खातं मोकळं करावं असा अर्ज बँकेला आणि त्या ठाण्याला द्या. आपण विक्री केली त्याची वही, बिलं असतील तर ती जोडा.

आता अंगठ्याकडे येऊ. आपल्या खेड्यांत हाच प्रश्न जास्त जवळचा.

बँक मित्राकडे किंवा सेवा केंद्रात आपण आधार क्रमांक आणि बँकेचं नाव सांगतो, अंगठा लावतो आणि पैसे मिळतात. ना कार्ड, ना पिन, ना ओटीपी. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. बसने तालुक्याला जाणं वाचलं, म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, ही गोष्ट मोठीच आहे. पण ओटीपी सांगू नका हा धडा इथे उपयोगाचा नाही, कारण इथे ओटीपी मागतच नाहीत. मागतात ते बोट.

चोरांनी हे ओळखलं. तेलंगण आणि आंध्र प्रदेशात पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांनी जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रती मिळवल्या होत्या. खरेदीखतावर आपण अंगठे उठवतो, शेजारी आधार क्रमांक असतो. त्या ठशांवरून त्यांनी रबरासारख्या पदार्थाचे नकली ठसे केले आणि यंत्रावर लावून पैसे काढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठसा तपासण्याची नवी पद्धत आणली. आता रेषांबरोबर बोटाचं चित्रही तपासतात, म्हणजे बोट जिवंत माणसाचं आहे की नकली ते कळावं. केंद्र चालवणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नियम केले, ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. ज्याच्या हातात अंगठ्याचं यंत्र द्यायचं त्याची बँकेने आधी नीट ओळखपडताळणी करायची, आणि त्याने सलग तीन महिने एकही व्यवहार केला नसेल तर पुन्हा पडताळणी केल्याशिवाय त्याला काम करू द्यायचं नाही.

पण खेड्यातल्या लबाडीला रबराचा ठसा करत बसायची गरज पडत नाही. "मावशी, अंगठा उठला नाही, परत लाव," असं म्हणून दोनदा पैसे काढले जातात. "सर्व्हर डाउन आहे, उद्या या," म्हणतात आणि व्यवहार झालेला असतो. सगळे बँक मित्र असे नसतात, कितीतरी ठिकाणी तर आपल्याच गटातल्या सख्या हे काम चोख करतात. तरीही प्रत्येक वेळी छापील पावती मागायची, अंगठा दुसऱ्यांदा लावायच्या आधी पहिल्या वेळी काय झालं ते विचारायचं, आणि खात्याला आपल्याजवळ असेल तोच मोबाइल नंबर जोडायचा. मेसेज दुसऱ्याच्या फोनवर जात असेल तर चोरी झाल्याचं आपल्याला पासबुक भरेपर्यंत कळत नाही, आणि नियम आहेत ते दिवसांवर.

तो नियम असा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी बँकांना सांगितलं की ग्राहकाची चूक नसताना आणि बँकेचीही नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर नुकसान ग्राहकाचं नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर झळ सोसायची, पण तीही मर्यादेत. जनधनसारख्या साध्या खात्याला जास्तीत जास्त ५,००० आणि नेहमीच्या बचत खात्याला १०,०००. सात दिवसांनंतर ज्या त्या बँकेच्या धोरणावर. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेचा. म्हणजे चूक झालेली असली तरी लवकर कळवण्याने फायदाच होतो. तोंडी सांगून परत येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. "साहेब नाहीत, सोमवारी या," याला पोच म्हणत नाहीत.

आपल्या आधारचा वापर कुठे कुठे झाला हेही पाहता येतं, ही गोष्ट फार थोड्या जणींना माहीत आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपमध्ये मागच्या सहा महिन्यांतल्या पडताळणीच्या नोंदी दिसतात. कुठल्या तारखेला, कशाने, अंगठ्याने की ओटीपीने. तिथेच अंगठ्याला कुलूपही लावता येतं. पण हे कुलूप आम्ही सरसकट सगळ्यांना लावा म्हणणार नाही. कुलूप असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, दर वेळी उघडावं लागतं. ज्या आजींचं रेशन आणि पेन्शन दोन्ही अंगठ्यावर आहे त्यांना हा नसता ताप होईल. ज्या कधीच अंगठ्याने पैसे काढत नाहीत त्यांनी जरूर लावावं. काही बँकांत अर्ज दिला तर त्या खात्यापुरती अंगठ्याची सोय बंद करून मिळते, तेही विचारा.

पैसे जाण्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे न घेतलेलं कर्ज अंगावर येणं. इथे कागदावरचं आपलं नाव चोरीला जातं. कधी झेरॉक्स दिलेल्या आधार-पॅनवर कुणी परस्पर कर्ज उचलतं. पण गावात जास्त चालतो तो दुसरा प्रकार, नाव तुझं आणि पैसे माझे. एखादी वजनदार बाई म्हणते, "माझं कर्ज भरलंय, तू फायनान्सवाल्याकडून तुझ्या नावावर उचल, हप्ता मी भरते." चार हप्ते भरते, मग गाव सोडते किंवा हात वर करते. सही आपली, फोटो आपला. याला फसवणूक म्हणायला आपल्याच मनाला जड जातं, कारण ती नात्यातली किंवा गटातली असते. पण कंपनीच्या वहीत कर्जदार आपणच असतो.

कर्जाचा माग ठेवणाऱ्या संस्था वेगळ्या. देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, क्रिफ हाय मार्क, एक्विफॅक्स आणि एक्सपीरियन. बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्या आपल्या नावावरचं कर्ज, हप्ते, थकबाकी त्यांना कळवतात. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती दर पंधरा दिवसांनी कळवायचा नियम लागू झाला. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण पतअहवाल फुकट मिळतो. त्यात आपण न घेतलेलं कर्ज दिसलं तर कंपनीकडे आणि त्या कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे, एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. हा अहवाल काढून देतो म्हणून कुणी पाचशे रुपये मागत असेल तर देऊ नका.

सिमकार्डाचंही असंच आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येतं, अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो.

हे सगळं बदलत राहतं. एक दार बंद झालं की चोर दुसरं शोधतो. एटीएमच्या पिनचे फोन होते, मग ओटीपी आले, मग अंगठा. आता व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा योजनेची यादी म्हणून एपीके नावाची फाइल येते, ती उघडली की फोनच चोराच्या ताब्यात जातो. पोलिसांच्या वेशात व्हिडिओवर येऊन "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणणारे आहेत. अशी अटक कायद्यात नाहीच. आणि एकदा फसलेल्यांना पुन्हा फोन येतो, "तुमचे पैसे सोडवून देतो, तीन हजार फी भरा." तोही चोरच. १९३० वर तक्रार करायला एक रुपया लागत नाही.

काही गटांनी बैठकीच्या वहीत शेवटची दोन पानं याच कामाला ठेवली आहेत. कुणाच्या खात्यात काय झालं, किती वाजता कळलं, १९३० चा पोच क्रमांक, बँकेत अर्ज दिल्याची तारीख. बँकेत जायचं झालं तर सोबत दोघीजणी जातात. तुमच्या गटात अशी पानं केलीत तर नाव गाळून त्यातली हकिकत आम्हाला कळवा. कोणत्या गावात सध्या कुठली युक्ती चालली आहे ते दर गुरुवारच्या कार्यक्रमात आम्ही सांगू.